भागीरथीबाईच्या हातचे केक

आमच्या मैसूरच्या चामराजपुरममध्ये पोर शेजारून काही खाऊन आलं, की काय खाल्लंस असं त्याला कुणी विचारत नाही. कुणाच्या हातचं खाल्लंस, असं विचारतात. लग्न होऊन मी या गल्लीत आले तेव्हापासून हे ऐकतेय आणि पूर्वी मला त्याचा भयंकर राग यायचा. आता येत नाही. हल्ली त्या प्रश्नाच्या उत्तरात माझं नाव आलं, तर आया पोरांच्या घशात बोटं घालून त्यांना ओकायला लावतात.

या सगळ्याच्या मुळाशी आहे मद्दू. कानडीत मद्दू म्हणजे साधं औषध. पण बायका आवाज खाली आणून तो शब्द बोलल्या, की समजायचं गोष्ट वेगळी आहे. एखादी बाई खाण्यातून पोटात काहीतरी घालते, ते आतड्याला चिकटतं, त्याचा गोळा होतो आणि खाणारा हळूहळू वाळत जातो. जिच्याकडे मद्दू असतं तिला ते कुणाला तरी घालावंच लागतं म्हणे. नाही घातलं तर ते तिच्याच घरातलं माणूस खातं. मी जन्मभर शाळेत पोरांना शिकवलं, असल्या गोष्टींना हसण्यावारी नेलं. माझे यजमान नरसिंगराव तरुणपणीच गेले आणि आम्हाला मूलबाळ नाही. या दोन गोष्टी गल्लीनं केव्हाच एकमेकींना जोडून ठेवल्या होत्या. मला मात्र त्याचा पत्ताही नव्हता.

शेजारी गुरुराजचं घर. तो सरकारी कचेरीत, बायको विशालाक्षी घरात, आई जयलक्ष्मीबाई देवघरात, आणि मुलगी तुंगा जिथं नको तिथं. ते देशस्थ ब्राह्मण, सोवळंओवळं पाळणारे. आम्ही मैसूरच्या राजाच्या घोडदळातल्या मराठ्यांची पिलावळ, अंडी-मटण खाणारे. तरी आमच्या दोन्ही घरांत कंपाउंडची जेमतेम कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यावरून दह्याचं विरजण, कढीपत्ता, पेपर सगळं ये-जा करायचं. त्यात तुंगाही आलीच. सातेक वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. मला ती फार आवडायची. उगाच आडपडदा कशाला, ती माझी असती तर बरं झालं असतं, असं मला रोज वाटायचं.

केकचं खूळ शाळेतून आलं. वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाला बेकरीचा केक होता, तो तुंगानं खाल्ला आणि घरी येऊन मोठ्या कौतुकानं सांगितलं. जयलक्ष्मीबाईंनी आकाशपाताळ एक केलं. “अय्यो, अंडं घातलेलं खाल्लीस गं? दिवटे!” म्हणत तिला हौदाशी उभी करून चुळा भरायला लावल्या, आंघोळ घातली. संध्याकाळी ती भिंतीवर येऊन बसली ती नाक ओढतच.

“अज्जी, मला केक पाहिजे,” ती म्हणाली. “अंडं बेडा, नको. पण केक पाहिजे.”

दुसऱ्याच दिवशी मी केले. माझ्याकडे ओव्हन कुठला? जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालायची, स्टोव्हवर चांगली तापवायची, वाळूत तिवई ठेवून तिच्यावर थाळी आणि थाळीत छोट्या स्टीलच्या वाट्या. मैदा, साखर, दही, लोणी, सोडा आणि वेलची. वर घट्ट झाकण. बिनअंड्याचा केक रुसक्या पाहुण्यासारखा असतो, झाकण सारखं उघडून विचारपूस केली की बसलाच. पण त्या दिवशी एकही बसला नाही. विशालाक्षीची परवानगी मी आधीच घेतली होती. दहीही तिनंच दिलं होतं.

“कसाला त्रास घेता काकू? सुम्मने, उगाच लाड करता तिचे,” ती म्हणाली खरी, पण स्वतःही एक वाटी संपवली.

मग दर शनिवारचा तो नेमच झाला. तुंगा शाळेतून आली की दप्तर तिकडं टाकायची आणि भिंत चढून इकडं यायची. पातेल्यापासून लांब बस म्हटलं की वीतभर सरकायची. झाकण काढल्यावर येणारी वाफ ती डोळे मिटून हुंगायची. माझ्या स्वयंपाकघरात इतका आवाज नरसिंगराव गेल्यापासून झाला नव्हता.

वाळू तलकाडची होती. शाळेची सहल घेऊन गेले होते तेव्हा कावेरीकाठची ती बारीक, स्वच्छ वाळू बघून पिशवीभर घेऊन आले होते. जयलक्ष्मीबाईंनी एकदा भिंतीवरून विचारलं, “वाळू कुठली हो?” मी सरळ सांगून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला. तलकाडला शाप आहे, देवळं वाळूखाली गेली, राजाचा वंश खुंटला, हे मैसुरात शेंबड्या पोरालाही माहीत.

“मूल नसलेल्या बाईनं, तिथल्या वाळूवर, दुसऱ्याच्या पोटच्या मगूला करून घालायचं...” एवढं म्हणून त्या आत गेल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण म्हातारीच्या बोलण्याला काय मनावर घ्यायचं, म्हणून मी सोडून दिलं.

मग तुंगा घरी जेवेनाशी झाली.

तसं त्यात नवल काही नव्हतं. सातव्या वर्षी भात-सारू नको आणि केक हवा असं न म्हणणारं पोर मला दाखवा. पण ती वाळलीही होती हे खरं. अधूनमधून पोट धरून बसायची, कधी ओकायची. मी विशालाक्षीला म्हटलं, डॉक्टरला दाखव. तिनं होय म्हटलं, पण माझ्याकडे न बघता. त्यानंतर तिनं दही मागायचं आणि द्यायचं बंद केलं. मी भिंतीशी गेले की ती तुळशीला पाणी घालायचं अर्धवट टाकून आत जायची. गुरुराज ऑफिसला निघताना “येतो काकू” म्हणायचा, तो नुसतीच मान हलवायला लागला.

एका रविवारी सकाळी मी भाजी आणायला निघाले, तर कोपऱ्यावर तीन रस्ते मिळतात तिथं माझे केक पडलेले. आदल्या दिवशी तुंगाच्या धाकट्या आतेभावंडांसाठी म्हणून मी डबा भरून दिला होता, ते सगळे. प्रत्येकाचे चार तुकडे केलेले, वर कुंकू, सुक्या मिरच्या आणि चुलीतली राख. कावळेसुद्धा लांब बसले होते आणि चार बायका कडेला उभ्या राहून त्या तुकड्यांकडं बघत होत्या. मी तिथं उभी राहिले. त्या क्षणी मला कळलं, गल्ली माझ्याबद्दल काय बोलते ते.

घरी येऊन मी खूप रडले. नंतर चिडले. भिंतीवरून ओरडून चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं. पण सुनावलं तर तुंगा कायमची तुटणार, हे दिसत होतं. मी तोंड मिटून बसले. पुढच्या शनिवारी मी काही केलं नाही. तुंगा आलीही नाही. भिंतीवर काचा लावायला गवंडी मात्र आला.

त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी सकाळीच तिकडून रडणं ऐकू आलं. हट्टाचं रडणं आणि दुखण्याचं रडणं यांतला फरक शाळेतल्या बाईला कळतो. मी मोरीच्या खिडकीशी गेले. तिथून त्यांची पडवी दिसते. तुंगा उजवा पाय पोटाशी घेऊन चटईवर पडली होती आणि पाय सरळ करायला गेलं की किंचाळत होती. नरसिंगराव असेच पडले होते. आधी बेंबीशी दुखलं, मग उजवीकडं सरकलं, ताप चढला. घरातल्यांनी वायू म्हणून हिंग चोळलं. दुपारी दुखणं एकदम थांबलं. आम्ही देवापुढं साखर ठेवली. आतडं फुटल्यावर दुखणं थोडा वेळ थांबतं, हे आम्हाला कोण सांगणार? दुसऱ्या दिवशी ते गेले. नंतर डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स. आदल्या दिवशी आणलं असतं तर, असंही म्हणाले.

मी चप्पलही न घालता धावले. फाटकाला आतून कडी होती.

“गुरुराज!” मी हाक मारली. “तिला हॉस्पिटलात ने. आत्ता. अपेंडिक्स आहे ते.”

तो पडवीच्या पायरीवर आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. त्याच्या मागं एक अनोळखी म्हातारी पाट्यावर पाला वाटत होती. मद्दू काढणारी बाई. गावाबाहेरून कुणीतरी आणली होती.

“काकू, तुम्ही आता जावा,” तो म्हणाला. “प्लीज.”

“अरे, तू शिकलेला माणूस...”

“मुलगी माझी आहे,” तो म्हणाला आणि आत गेला.

मी घरी आले ती परत खिडकीशीच. म्हातारीनं वासनवेलीचा रस काढून तुंगाच्या तळहातावर ओतला. थोड्या वेळानं तो दह्यासारखा घट्ट झाला आणि पडवीत सगळ्यांनी श्वास आत ओढला. मद्दू आहे, म्हातारीनं कानडीत सांगितलं. बाईच्या हातचं आहे, गोडातून घातलंय. वासनवेलीचा रस दगडावर ओतला तरी घट्ट होतो. पण हे मी कुणाला सांगणार होते? मग तिनं दुसरा कसला तरी हिरवा काढा तुंगाच्या तोंडाला लावला. विशालाक्षीनं पोरीचे हात धरले. काढा पोटात गेला, ओकून बाहेर आला, परत पाजला. तुंगा मध्येच “भागीरथीअज्जी” म्हणून ओरडली आणि जयलक्ष्मीबाईंनी कानांवर हात ठेवले.

मी खिडकीचे गज धरून उभी होते. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

आणि मग रडणं थांबलं.

एकदम थांबलं. तुंगानं पाय थोडा सैल सोडला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. पण किंचाळणं नाही. विशालाक्षीनं देवाला हात जोडले. म्हातारी म्हणाली, सुटलं, आता संध्याकाळपर्यंत आणखी दोनदा पाजायचं म्हणजे गोळा पडेल. जयलक्ष्मीबाई साखरेचा डबा आणायला उठल्या. मी तो डबा पाहिला आणि माझ्या तोंडातून कसला आवाज निघाला, मला माहीत नाही.

आता काय करायचं? हॉस्पिटल म्हटलं तर ऐकणार नाहीत, कारण मी म्हणतेय. त्यांचा माझ्या एकाच गोष्टीवर विश्वास बसणार होता. ती गोष्ट मी त्यांना दिली.

या वेळी मी फाटकाशी थांबले नाही. भिंतीवरून चढले. गवंड्याचं काम अर्धंच झालं होतं, काल लावलेल्या काचांचं सिमेंट अजून ओलं होतं, काचा उपटून निघाल्या, माझा तळहात फाटला. पडवीत जाऊन मी सगळ्यांच्या समोर उभी राहिले.

“होय, मी घातलंय,” मी म्हणाले.

विशालाक्षीनं तुंगाला पोटाशी ओढलं.

“केकमधून घातलंय. पण हे पाल्यानं निघणारं नाही. पाला प्यायला की हे आतड्यात घुसतं. आता घुसलंय, म्हणून दुखायचं थांबलंय. पोट फाडूनच निघतं हे, आणि आत्ताच्या आत्ता फाडलं नाही तर पोरगी उद्याचा सूर्य बघणार नाही. मी सांगतेय. मला माहीत नसणार तर कुणाला?”

एवढं बोलून मी नरसिंगरावांचं नाव घेतलं. “माझ्या नवऱ्याला हेच घातलं होतं मी. त्यांचंही असंच थांबलं होतं.”

ते वाक्य बोलले नसते तरी चाललं असतं का? पुष्कळदा विचार करते. पण गुरुराज तिथपर्यंत नुसता बघत उभा होता आणि त्या वाक्यावर तो हलला. त्यानं तुंगाला उचललं आणि अनवाणीच रस्त्याकडं पळाला. ऑटो मिळाली. विशालाक्षी त्याच्या मागं धावली, पण फाटकातून परत फिरली, माझ्यासमोर आली आणि तिनं माझ्या मुस्काटात मारली. जोरात. दही देताना जिचा हात मला लागायचा, तोच हात. मी तिला म्हटलं, “जा, लवकर जा.”

जयलक्ष्मीबाई देवघराकडं पळाल्या. पाल्याची म्हातारी मात्र माझ्याकडं निराळ्याच नजरेनं बघत होती. गिऱ्हाईक पळवलेल्या दुकानदारासारखी.

तुंगा वाचली. फुटायलाच आलं होतं, थोडं फुटलंही होतं, डॉक्टर म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. हे मला आमच्या दूधवाल्यानं सांगितलं आणि सांगितल्यावर, उद्यापासून माझ्याकडं दूध घालणार नाही, हेही सांगितलं. मी दार लावून घेतलं आणि आनंदानं रडले. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी मला दुसऱ्या कशाचंही दुःख नव्हतं.

पण डॉक्टरांनी एक केलं. शहाण्या माणसांना कधीकधी काय सुचतं कुणास ठाऊक, त्यांनी काढलेलं अपेंडिक्स बाटलीत घालून घरच्यांना दाखवलं. करंगळीएवढं, काळपट, सुजलेलं. जयलक्ष्मीबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलं. पुढचे कित्येक दिवस त्या देवळात जाताना, येताना, अग्रहारातल्या त्यांच्या बहिणीकडे, नळावर, सगळीकडे तेच सांगत होत्या. मद्दू काढलं. पोट फाडून काढलं. मी बघितलं. ती बाई स्वतःच म्हणाली होती, पोट फाडूनच निघेल म्हणून, आणि तसंच झालं. आता यावर कोण काय बोलणार?

गुरुराज एकदा फाटकापर्यंत आला. आत आला नाही.

“डॉक्टर म्हणतात, अपेंडिक्स. खाण्यानं होत नाही म्हणतात,” तो म्हणाला.

“तेच मी त्या दिवशी सकाळी सांगत होते तुला.”

त्यानं फाटकाची कडी लावली, परत काढली. मग म्हणाला, “पण दुखायचं थांबलं म्हणजे आत घुसलं, हे तुम्हाला कसं कळलं होतं?”

मी नरसिंगरावांचं सांगायला लागले. खरं काय झालं होतं ते. पण त्यांचं नाव काढल्याबरोबर तो एक पाऊल मागं सरकला, आणि मी थांबले. त्या पडवीत उभी राहून मी काय म्हणाले होते ते त्याच्या कानांत अजून होतं. तो वाईट माणूस नाही. फक्त त्याला माझ्या फाटकाशी फार वेळ उभं राहायचं नव्हतं.

पुढचं काय सांगायचं? देवळात माझ्या हातात तीर्थ देताना भटजी पळी उंच धरतात. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी रस्ता बदलतात. एकदा भर दुपारी एक चांगल्या घरातली बाई आली, ओळखीची नाही, रेशमी पदर डोक्यावरून घेतलेली. पाणी मागितलं नाही. हळू आवाजात म्हणाली, सुनेसाठी थोडं हवंय, तुमचं लगेच लागू पडतं म्हणतात. मी झाडू घेऊन तिच्या अंगावर धावले. ती घाबरून पळाली आणि जाताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ती निराशा होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्याच घराची भीती वाटली.

आणि मग तुंगा आली.

घरात कुणी नव्हतं बहुतेक. भिंतीवर आता पुरत्या काचा होत्या, ती पलीकडं डबा उलटा ठेवून त्यावर उभी होती, काचांच्या वर कमरेपर्यंत दिसत होती. दात आले होते. केस तेल लावून घट्ट बांधलेले. मी कपडे वाळत घालत होते. माझ्या हातातली साडी खाली पडली.

“अज्जी,” ती म्हणाली. “अम्मा म्हणते, तू केकमध्ये मद्दू घातलंस.”

मी वाळत घालायची दोरी धरून उभी राहिले.

“मी म्हटलं, नाही. मी बघितलं होतं ना सगळं. मैदा घातलास, दही घातलंस, वेलची मीच सोलली.” तिनं भुवया आवळल्या. “घातलंस का?”

इतक्या माणसांत त्या एकाच जिवानं मला विचारलं होतं. आणि मी नाही म्हटलं असतं, तर तिनं ऐकलं असतं. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. ‘नाही गं बाळ’ हे शब्द माझ्या ओठांवर होते.

पण ती चुपचाप राहणारी पोर नाही. घरी जाऊन सांगणार, अज्जीनं घातलं नव्हतं. मग पुन्हा भिंत चढून येणार, आणि पुन्हा कधी तिचं पोट दुखलं, तापानं अंग तापलं, साधी कावीळ झाली, तरी ती पाल्याची म्हातारी त्याच पडवीत येऊन बसणार. तिच्या घरात आता एक गोष्ट पक्की झाली होती. भागीरथीबाईचं मद्दू पाल्यानं निघत नाही, त्याला हॉस्पिटलच लागतं. ती माझी एकच गोष्ट त्या घरानं खरी मानली होती. मी ‘नाही’ म्हटलं की तीही खोटी ठरणार होती.

“होय,” मी म्हणाले. “घातलं होतं.”

तिचे डोळे मोठे झाले.

“आणि ते सगळं निघालेलं नाही. अजून थोडं आहे तुझ्या पोटात. पुन्हा दुखलं, ओकलीस, ताप आला, तर ताबडतोब हॉस्पिटल. पाला प्यायचा नाही. कुणीही दिला तरी तोंड उघडायचं नाही. कळलं? पाला प्यायलीस तर मरशील.”

“अज्जी...”

“माझ्याशी बोलू नकोस. जा घरात.”

ती उभी राहिली. एका हातानं तिनं पोटावरची जागा झाकली, जिथं टाके होते. मग खालचा ओठ बाहेर काढून, आवाज न करता ती रडायला लागली, आणि रडता रडता माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती ती नजर मी तीन रस्त्यांवर त्या केककडं बघणाऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाहिली होती. डबा कलंडल्याचा आवाज झाला. ती आत पळाली आणि तिकडचं दार लागलं.

मी साडी उचलली, झटकली आणि परत धुवायला टाकली.